तीन बॅटऱ्या पाणी पितात, एक पीत नाही

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे दर्शन आटोपून वाशिम जिल्ह्यातील शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी निघालेली अनेक कुटुंबे वणी, यवतमाळ, दारव्हा या वाटेने जातात. त्या वाटेवर आमच्या जिल्ह्यात एक लहानशी धर्मशाळा आहे. मंदिर टेकाडावर, तर भोजनशाळा आणि खोल्या खाली फाटकाजवळ. मधले अंतर जेमतेम सहाशे मीटर, परंतु चढाचे. तरुणांना ते अंतर जाणवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना मात्र प्रत्येक पाऊल मोजावे लागते. म्हणून एका कुटुंबाने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ सहा आसनांची बॅटरीवर चालणारी गाडी अर्पण केली. शहरात तिला गोल्फ कार्ट म्हणतात. आमच्याकडे ती ‘बॅटरी गाडी’ झाली.

पहिल्या वर्षी गाडीने अपूर्व सेवा दिली. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात मात्र ती रुसू लागली. सकाळी दोन-तीन फेऱ्या बऱ्या होत आणि मग चढावर तिचा दम तुटे. अशाच एका संध्याकाळी एक वयोवृद्ध आजी दर्शन करून परत निघाल्या होत्या. मंदिराच्या वाटेवर एक वळण असे आहे की, खाली उतरण्यापूर्वी पुन्हा थोडा चढ लागतो. तेथेच गाडी थांबली. चालकाने किल्ली फिरवून पाहिली, थोडे थांबून पुन्हा पाहिली. गाडी हात-दोन हात सरके आणि थांबे. शेवटी आजी नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन चालत खाली आल्या. तोवर सूर्य मावळला होता.

या मासिकाच्या वाचकांना पुढचे सांगावयास नको. आजींचा चौविहाराचा नियम होता. पानावर वाढलेले अन्न तसेच राहिले, आणि पाण्याचा घोटही त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी पारेपर्यंत त्या तशाच राहिल्या. दिवसभर पारा चव्वेचाळीस अंशांवर होता. आजींनी कोणाला एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्यांच्या त्या न बोलण्यानेच आम्हा कार्यकर्त्यांना रात्री झोप लागली नाही.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोण?

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. अशा बैठकीत जे होते तेच झाले. एकाने सांगितले, “चालक रात्री गाडी चार्जिंगला लावायला विसरत असेल.” दुसऱ्याने सांगितले, “बॅटऱ्याच गेल्या, चारही बदला.” नव्या चार बॅटऱ्यांचा खर्च अर्ध्या लाखाच्या घरात जात होता. चालक दाराशी उभा होता. गेली अकरा वर्षे तो येथे सेवेत आहे. तो एवढेच म्हणाला, “मी त रोज रात्री चार्जिंगले लावतो जी. पण तीन बॅटऱ्या पाणी पेतात अन् एक पेत नाई. मी कवाचा सांगून रायलो.”

त्याच्या या वाक्याकडे कोणीही लक्ष दिले नाही. मीही दिले नाही. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात आयुष्य घालविले, तरी ते वाक्य माझ्या कानांवरून वाऱ्यासारखे गेले. घरी आल्यावर मात्र ते मनात खुपू लागले. चारही बॅटऱ्या एकाच दिवशी आल्या, एकाच गाडीत बसल्या, एकाच चार्जरवर रात्र काढतात. मग तिघींना तहान आणि चौथीला नाही, असे का? हा प्रश्न नीट विचारला असता तर उत्तर महिनाभर आधीच मिळाले असते, आणि त्या आजी पाण्यावाचून राहिल्या नसत्या.

बॅटरीच्या पोटात काय चालते

अशा गाड्यांत बहुधा शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी असते. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी ती १८५९ मध्ये सिद्ध केली, आणि १८८१ मध्ये कामिल फोर यांनी शिशाच्या जाळीवर लेप भरून तिची शक्ती वाढविली. आज घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली बॅटरी याच कुळातील. तिच्यात दोन प्रकारच्या पट्ट्या सौम्य आम्लात बुडालेल्या असतात. वीज देताना आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि द्रव पातळ होतो. वीज भरताना तो अंश पट्ट्या सोडून पुन्हा द्रवात येतो आणि द्रव दाट होतो. म्हणूनच द्रवाची दाटी मोजली की बॅटरी किती भरलेली आहे हे कळते. काचेच्या नळीतील लहान तरंगणाऱ्या उपकरणाने, म्हणजे हायड्रोमीटरने, ही दाटी मोजतात. कारागीर तिला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात.

बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही विजेचा प्रवाह चालू राहिला, तर ती वीज पाण्याचे विघटन करण्यात खर्च होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात आणि पाणी कमी होते. चालकाच्या भाषेत, बॅटरी पाणी ‘पिते’. म्हणजे जी बॅटरी पाणी पिते ती भरते आहे, कदाचित जरुरीपेक्षा जास्त भरते आहे. जी मुळीच पाणी पीत नाही ती बहुधा पूर्ण भरतच नाही. आमच्या चालकाने पुस्तक न वाचता निदानाचा अर्धा भाग सांगून टाकला होता.

प्रथम डोळे, हात आणि नाक

उपकरणाला हात लावण्यापूर्वी ज्या गोष्टी पाहाव्यात त्या आधी पाहिल्या. अशी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने हाच क्रम धरावा, असे मी सुचवीन. कारण बॅटरी लवकर उतरते तेव्हा दोष नेहमी बॅटरीतच असतो असे नाही.

चाकांतील हवा पाहा. हवा कमी असेल तर गाडी ओढण्यास अधिक वीज लागते. सपाट जागी किल्ली बंद करून, ब्रेक सोडून गाडी ढकलून पाहा. एका धडधाकट माणसाने ढकलल्यावर ती सहज चालली पाहिजे. अडत असेल तर ब्रेक चिकटलेला आहे. दोन फेऱ्या झाल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहा. एखादेच चाक इतरांहून फार गरम लागले तर तेथे ब्रेक घासतो आहे. आमच्या गाडीची चाके निर्दोष निघाली.

नंतर आसन उचलून बॅटऱ्यांकडे वळलो. गाडी नुकतीच चालून आली असता जोडणीच्या ठिकाणी जवळून हात फिरवावा. सैल जोड इतर जोडांपेक्षा गरम असतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने तो धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. जोड घट्ट करून वर पेट्रोलियम जेलीचा हलका लेप द्यावा. आमच्याकडे एक जोड सैल होता, तो आवळला. गाडी एका फेरीने सुधारली, त्याहून अधिक नाही.

येथे सावधगिरीचे चार शब्द. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो; म्हणून गाडी चार्ज होते त्या शेडमध्ये हवा खेळती हवी आणि अगरबत्ती, दिवा किंवा आरतीचे तबक जवळ आणू नये. बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, बांगडी, साखळी काढून ठेवावी. पान्याच्या मुठीला रबरी पट्टी गुंडाळावी. आम्ल डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

मग मोजमाप

आमच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत; एकूण ४८ व्होल्ट. प्रत्येकीची क्षमता १५० अॅम्पियर-तास. म्हणजे पूर्ण भरलेल्या संचात सुमारे ७.२ युनिट वीज मावते. गाडीच्या पुढील फळीवरील काटा चारही बॅटऱ्यांची बेरीज दाखवितो, आणि तेथेच फसगत होते.

रात्रभर चार्ज झालेली गाडी सकाळी चार्जर काढून दोन तास तशीच ठेवली. मग साध्या मल्टिमीटरने एकेक बॅटरी मोजली. तीन बॅटऱ्या प्रत्येकी १२.६ व्होल्ट दाखवीत होत्या, पहिली १२.१. बेरीज ४९.९, आणि त्या बेरजेवर फळीवरील काटा समाधानी होता. हायड्रोमीटरनेही तेच सांगितले: तिघींची दाटी १.२५० ते १.२६०, पहिलीची १.१८०. या दोन मापांचा मेळ घालण्याचा सोपा आडाखा असा आहे की, दाटीच्या आकड्यात ०.८४ मिळविले की एका कप्प्याचे व्होल्ट येतात, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात. १.१८० अधिक ०.८४ म्हणजे २.०२, त्याची सहापट १२.१२. दोन्ही उपकरणे एकच साक्ष देत होती. रात्रभर चार्ज होऊनही पहिली बॅटरी जवळपास अर्धीच भरलेली होती.

शेवटची परीक्षा भाराखालची. स्थिर उभ्या गाडीत आजारी बॅटरीही शहाण्यासारखी दिसते. खरे रूप चढावर कळते. सहा माणसे बसवून चढावर गाडी चालविली, आणि आम्ही मीटर लावून प्रत्येक फेरीत एकेक बॅटरी पाहिली. तिसऱ्या फेरीत तीन बॅटऱ्या ११.८ वर तग धरून होत्या, पहिली मात्र ७.६ पर्यंत कोसळली. बेरीज ४३. आमच्या गाडीचा कंट्रोलर ४२ व्होल्टला मोटरचा पुरवठा तोडतो, म्हणजे गाडी थांबण्याच्या उंबरठ्यावर होती. तीन निरोगी बॅटऱ्यांत पुष्कळ वीज शिल्लक असताना एका दुबळ्या बॅटरीमुळे गाडी थांबत होती. भार उतरला की पहिलीचे व्होल्ट पुन्हा थोडे वर येत. म्हणूनच थोडे थांबून किल्ली फिरविली की गाडी हात-दोन हात सरके. त्या संध्याकाळचे कोडे येथे अर्धे सुटले.

गाडी झोपलेली असताना कोण जागे आहे?

परंतु पहिलीच का? येथे आणखी एक परीक्षा करावी लागते. गाडी बंद, किल्ली खिशात, तरीही वीज कोठे जाते का, ती पाहण्याची. यासाठी मल्टिमीटर अॅम्पियरच्या जागी लावून तो बॅटरी आणि तारेच्या मध्ये, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत बसवावा लागतो. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावे. अॅम्पियरवर लावलेला मीटर चुकून बॅटरीच्या दोन टोकांना लागला तर फ्यूज उडतो, प्रसंगी हात भाजतो. तारेला न तोडता प्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर मिळाल्यास अधिक बरे; मात्र तो एकदिश प्रवाह मोजणारा असावा.

आमच्या गाडीच्या मुख्य वाटेवर काहीच सापडले नाही. इलेक्ट्रिशियन तार चाचपत पुढे गेला आणि पहिल्या बॅटरीच्या दोन टोकांवरून निघालेली एक बारीक लाल-काळी जोडी त्याने वर उचलली. मीटर लावला. ०.६ अॅम्पियर. ती जोडी गाडीच्या छताकडे, भक्तिगीतांच्या स्पीकरकडे जात होती.

तो स्पीकर मीच लावून घेतला होता.

मागील पर्युषणापूर्वी यात्रेकरूंना चढ चढताना स्तवने ऐकू यावीत म्हणून मी १२ व्होल्टचा अँप्लिफायर आणून दिला आणि कारागिराला सांगितले, “कोठूनही १२ व्होल्ट घ्या.” त्याने सर्वांत जवळची बॅटरी निवडली. तिच्या एकटीवर भार टाकला, किल्लीच्या स्विचमधूनही तार नेली नाही. गाणे थांबले तरी अँप्लिफायर जागाच राही.

हिशेब करून पाहू. दिवसाचे सहा तास स्पीकर वाजतो, तेव्हा तो सुमारे ३ अॅम्पियर घेतो; ते झाले १८ अॅम्पियर-तास. उरलेले अठरा तास तो गप्प राहूनही ०.६ घेतो, ते झाले १०.८. म्हणजे रोज सुमारे २९ अॅम्पियर-तास, क्षमतेच्या जवळपास पाचवा भाग, पहिल्या बॅटरीतून तिच्या बहिणींपेक्षा जास्त जात होता. रात्री चार्जर मात्र चौघींना माळेतून सारखीच वीज देई. चौघींच्या ताटांत सारखेच वाढले जात होते. परंतु एकीच्या ताटातून दिवसभर कोणीतरी उचलून नेत होते. तिघी भरल्या की संचाचे एकूण व्होल्ट वाढत, चार्जरला वाटे सर्वांची जेवणे झाली, आणि तो हात आखडता घेई. तिघी जरुरीपेक्षा जास्त भरून पाणी पीत राहिल्या. पहिली उपाशी राहिली, म्हणून तिला पाण्याची तहानही लागली नाही.

अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी दीर्घकाळ राहिली की पट्ट्यांवर बसलेला गंधकाचा क्षार कठीण स्फटिकांत बदलतो आणि मग तो सहजी सुटत नाही. यास सल्फेशन म्हणतात. पहिल्या बॅटरीला खरा रोग याने जडला होता.

उपचार

प्रथम स्पीकरची ती जोडी काढली. त्याऐवजी ४८ व्होल्टमधून १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर बसविला. तो संपूर्ण संचातून वीज घेतो, म्हणजे भार चौघींवर सारखा पडतो. त्याच्या वाटेत फ्यूज घातला आणि तार किल्लीच्या स्विचमधून नेली. किल्ली काढली की स्पीकरही निजतो. खर्च दोन हजारांच्या आत आला. गाडीत पंखा, मोबाइलचे चार्जिंग, शोभेचे दिवे असे काहीही नव्याने लावायचे असेल तर हाच एक मार्ग आहे, हे प्रत्येक संस्थेने भिंतीवर लिहून ठेवावे.

नंतर पहिल्या बॅटरीला संचातून सोडवून १२ व्होल्टच्या वेगळ्या चार्जरवर, क्षमतेच्या वीसाव्या हिश्श्याने, म्हणजे ७.५ अॅम्पियरने, सावकाश भरले. दोन दिवसांनी तिची दाटी १.२३० वर आली. त्यापुढे ती गेली नाही. गेलेले सारे परत आले नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही तीन फेऱ्यांत थकणारी गाडी आता दिवसाला नऊ फेऱ्या करते. चार बॅटऱ्यांचा खर्च वाचला, आणि धर्मादायाचा पैसा योग्य ठिकाणी राहिला.

उद्या ही बॅटरी पुरती निकामी झाली तर काय, असे विचारले जाते. संच वर्षाच्या आतील असेल तर त्याच बनावटीची, त्याच क्षमतेची एक बॅटरी बदलून चालते. संच जुना असेल तर एक नवी आणि तीन जुन्या अशी जोडी जमत नाही. जुन्यांच्या संगतीने नवीही लवकर म्हातारी होते. जुनी बॅटरी भंगारात देताना ती अधिकृत विक्रेत्याला किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा आशय हाच आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे मातीत, विहिरीत आणि शेवटी लहान मुलांच्या रक्तात जाते. आणि सूक्ष्म जीवांची हानी वेगळीच.

आपल्याकडचा उन्हाळा

विदर्भातील उन्हाळा हा बॅटरीचा मोठा वैरी आहे. उष्णतेत बॅटरी तात्पुरती जोमदार वाटते, परंतु आतून लवकर झिजते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य अर्ध्यावर येते, असा अभियंत्यांचा स्थूल आडाखा आहे. नुसती ठेवलेली बॅटरीही उन्हाळ्यात आपोआप अधिक वेगाने उतरते. म्हणून गाडी झाडाखाली किंवा शेडमध्येच उभी करावी. दुपारी चालून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. तासभर निवू द्यावी. चार्जिंग रात्री उशिरा सुरू करून पहाटे संपेल असे पाहावे. ग्रामीण भागात रात्री वीज जाते आणि परत येते. वीज आल्यावर आपला चार्जर आपोआप सुरू होतो की नाही हे एकदा तपासून ठेवावे. आमच्या चालकावर ‘विसरला’ असा जो आरोप झाला, तसे आरोप कित्येकदा वीज मंडळाच्या खात्यावर टाकावे लागतील.

पाण्याविषयी विशेष. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते. आरओ यंत्राच्या पाण्यातही काही क्षार उरतात. एसीमधून ठिबकणाऱ्या पाण्यात धूळ आणि धातूचे कण येतात. यांपैकी कोणतेही चालत नाही. पाणी चार्जिंग झाल्यानंतर घालावे, कारण भरताना द्रव फुगतो आणि आधीच काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील इतके पाणी आधी घालावे. आम्ल कधीही घालू नये. पाणी उडून जाते, आम्ल जात नाही.

चातुर्मासात यात्रेकरू कमी असतात आणि गाडी आठवडे उभी राहते. तेव्हा गाडी पूर्ण भरूनच ठेवावी, मुख्य स्विच बंद करावा आणि पंधरा दिवसांनी एकदा चार्जर लावावा. ‘वापरच नाही तर चार्ज कशाला?’ या बचतीने जितक्या बॅटऱ्या मारल्या तितक्या चढांनीही मारल्या नसतील.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही, वजन कमी असते, अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी क्षार धरत नाहीत. पण जुन्या चार्जरवर त्या लावता येत नाहीत. त्यांचा चार्जर वेगळा असतो. आणि त्यांच्याही एका भागातून १२ व्होल्ट चोरून घेतले तर असमतोल तसाच होतो. यंत्र नवे झाले म्हणून हिशेब बदलत नाही.

घरातील धडा

ज्यांच्या संस्थेत अशी गाडी नाही त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. आपल्या घरच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतील, तर त्या २४ व्होल्टच्या जोडीचा न्याय हाच. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहताना दोन्ही सारखेच पाणी पितात का, हे पाहावे. एक पीत असेल आणि दुसरी नाही, तर विक्रेत्याचे ‘दोन्ही बदला’ हे वाक्य ऐकण्यापूर्वी प्रत्येकीचे व्होल्ट स्वतंत्र मोजून घ्यावेत.

माणसाच्या खांद्यावरचे ओझे

एवढा खटाटोप एका गाडीसाठी कशाला, असे कोणी विचारील. आपल्या राज्यात माथेरान हे गाव आहे. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि तेथे मोटारींना बंदी असल्याने पिढ्यान्पिढ्या माणसेच माणसांना हातरिक्षात बसवून चढावर ओढत आली. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा त्याच रिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात असे सुचविले. तो आदेश देणाऱ्या पीठाचे अध्यक्ष, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या शेजारच्या अमरावतीचे.

आपल्या तीर्थक्षेत्रांच्या चढांवर डोली वाहणारे खांदे आपण सर्वांनी पाहिले आहेत. बॅटरीवरची गाडी त्या खांद्यांचे ओझे हलके करू शकते. पण चढाच्या मध्यावर ती थांबली की तेच ओझे पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर येते. आमच्याकडे ते एका शाळकरी नातवाच्या खांद्यावर आले.

पुढच्या बैठकीत मी स्पीकरची हकीगत सर्वांसमोर सांगितली आणि चालकाची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “राहू द्या जी, गाडी चालली ना.” त्याच्या हाती आम्ही एक वही दिली आहे. रोज किती फेऱ्या झाल्या, सकाळी काटा किती होता, आणि दर रविवारी कोणत्या बॅटरीत किती पाणी घातले, हे तो तीत लिहितो. दर महिन्याच्या बैठकीत विषयपत्रिकेतील पहिला विषय म्हणून ती वही वाचली जाते, आणि वाचताना तो दाराशी उभा नसतो. आमच्याबरोबर बसलेला असतो.

त्या आजींना मी पत्र पाठवून सारे कळविले. नातवाने उत्तर धाडले की, आजी पुढच्या फाल्गुनात पुन्हा येणार आहेत आणि या वेळी त्या सूर्यास्तापूर्वी तासभर आधीच खाली उतरणार आहेत, गाडीने.